पोकर चिप्सचा सेट घेताना: घरचा कॅश गेम आणि टुर्नामेंट, दोन्हींसाठी कुठल्या आणि किती?

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घरच्या पोकरसाठी चिप्सचा नीट सेट घ्यायचा आहे. बसणारे आठ, सणावाराला दहा. एकच टेबल. बहुतेक वेळा १-२ ब्लाइंडचा कॅश गेम (ब्लाइंड म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांनी सक्तीने लावायची रक्कम: इथे स्मॉल ब्लाइंड १, बिग ब्लाइंड २), सगळं गुणांवर, पैशांचा संबंध नाही. महिन्याकाठी एक टुर्नामेंट, म्हणजे सगळ्यांना सारखी पुंजी आणि ती संपली की बाद.

नवी पेठेत खेळाच्या सामानाच्या दुकानांत मिळतात त्या पातळ प्लॅस्टिकच्या, कडा एकमेकांत अडकणाऱ्या. ऑनलाइन बघितलं तर ३००, ५००, १००० चे सेट, ११.५, १३.५, १४ ग्रॅम. एबीएस (कडक प्लॅस्टिक), क्ले, सिरॅमिक. आकडे छापलेल्या घ्याव्यात की कोऱ्या? एकाच सेटवर दोन्ही खेळ भागतील का? जाणकारांनी हिशोबासकट सांगावं.

पत्त्यांचा_कॅट

५०० की १००० हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी खेळ कागदावर लिहा, मग माणसं, मग एका माणसापुढे कुठल्या किमतीच्या किती चिप्स लागतात ते. त्याची बेरीज म्हणजे तुमचा सेट. दुकानदाराने केलेली वाटणी तशीच घेतली की डब्यात ५०० चिप्स असूनही टेबलावर सुट्टे नाहीत, असं होतं.

तुमचा कॅश गेम घेऊ. ब्लाइंड १-२, बाय-इन (खेळायला बसताना घ्यायची पुंजी) १०० बिग ब्लाइंडचा, म्हणजे २००. एकाला १ च्या १०, ५ च्या १८, २५ च्या ४ द्या. १० + ९० + १०० = २००. माणशी ३२ चिप्स. आठ जणांना १ च्या ८०, ५ च्या १४४, २५ च्या ३२.

१ च्या दहाच दिल्या म्हणून कमी वाटतील, पण त्यांचं काम स्मॉल ब्लाइंड भरणं आणि ६-७ च्या रेझला (वाढवलेल्या बोलीला) जोड देणं, एवढंच. फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) पडला की बेटिंग पाचाच्या पटीत जातं. प्रत्येकाला १ च्या वीस-तीस दिल्या तर लोक पंधराची बेटसुद्धा १ च्याच चिप्सने टाकतात, पॉट (मधे जमलेली रक्कम) मोजायला वेळ जातो आणि तासाला होणारे डाव कमी होतात. १-२ च्या गेममध्ये कामाची चिप पाचाची. तिच्यात कंजुषी नको.

रिबाय (पुंजी संपल्यावर पुन्हा घेतलेला बाय-इन) आला की सुट्टे देऊ नका. टेबलावर सुट्टे आधीच फिरतायत. २५ च्या चार आणि १०० ची एक दिली की झालं, गरज लागली तर शेजारचा मोड देतो.

या हिशोबाने निव्वळ कॅश गेमला ३०० चिप्स पुरतात: १ च्या ८०, ५ च्या १६०, २५ च्या ४०, १०० च्या २०. एकूण किंमत ३८८०, म्हणजे १९ बाय-इन भरतील. आठ जणांच्या बैठकीला एवढी पुंजी संपत नाही.

आता बाजारातली वाटणी बघा. ५०० च्या सेटात पुष्कळदा पाच रंग असतात आणि १५०-१५०-१००-५०-५० अशी वाटणी असते. १ च्या १५० तुम्हाला नको आहेत, ५ च्या १५० जेमतेम पुरतात. म्हणून रंगवार सुट्या चिप्स विकणाऱ्याकडून घ्या. वीस-वीसच्या किंवा पंचवीस-पंचवीसच्या पाकिटांत मिळतात.

वजनकाटा

वर हिशोब चोख आलाय, मी मालाबद्दल लिहितो.

जड ती भारी, ही समजूत विक्रेत्यांनी रुजवली आहे. ११.५, १३.५ आणि १४ ग्रॅमच्या घरगुती चिप्सपैकी बहुतेकांत प्लॅस्टिकच्या आत लोखंडी चकती घातलेली असते आणि वजन तिचं असतं. 'क्ले कॉम्पोझिट' लिहिलेल्या चिप्सचंही बहुधा तेच: भरणा घातलेलं प्लॅस्टिक आणि आत चकती. चुंबक लावून बघा. चिप चुंबकाला धरली की आत लोखंड आहे. अमेरिकेतल्या कॅसिनोंत दाबून घडवलेल्या क्ले चिप्स वापरतात, त्या साधारण ८ ते १० ग्रॅमच्या असतात आणि त्यांत धातू नसतो. तेव्हा '१४ ग्रॅम कॅसिनो ग्रेड' हे शब्द वाचून जास्त पैसे मोजू नका.

प्रकार थोडक्यात.

एबीएस आणि आत चकती: स्वस्त, टिकाऊ, सगळीकडे मिळतात. आवाज जरा टकटक येतो, पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे उंच चळत घसरते. कडेला फाशांची चित्रं असलेल्या कोऱ्या चिप्स याच जातीच्या.

चकती नसलेल्या क्ले कॉम्पोझिट: ९-१० ग्रॅमच्या आसपास. पृष्ठभाग खरखरीत, चळत ठाम उभी राहते, हाताळताना आवाज मऊ. घरच्या खेळाला माझी पसंती यांना. मधल्या लेबलाची कड मात्र तपासा.

सिरॅमिक: नाव तसं असलं तरी हा कडक रेझिनचा प्रकार, साधारण १० ग्रॅम. छपाई थेट पृष्ठभागात उतरवलेली असते, लेबल नाही, त्यामुळे सुटायला काही नाही. स्वतःचं डिझाइन, देवनागरी आकडे, मंडळाचं नाव, काय हवं ते छापून मिळतं. महाग पडतात आणि अगदी गुळगुळीत घेतल्या तर घसरतात. कापडासारखा पोत दिलेल्या घ्याव्यात.

व्यास ३९ मिमी हा सर्वमान्य. रॅक, डबे, चिप्सचे ट्रे सगळे याच मापाचे येतात. १००० पेक्षा मोठ्या किमतीसाठी ४३ मिमीच्या चिप्स विकतात; दिसतात छान, पण ३९ च्या रॅकमध्ये बसत नाहीत.

अक्कलकोट_नाका

१४ ग्रॅम घेतली तर तोटा काय ओ? हातात तर बरी वाटते की.

वजनकाटा

तोटा डब्याला होतो, मालक. ५०० चिप्स ११.५ ग्रॅमच्या म्हणजे पावणेसहा किलो, १४ च्या म्हणजे सात किलो. हजाराचा सेट १४ किलो, वर डब्याचं वजन वेगळं. हे ॲल्युमिनियमचे दिसणारे डबे म्हणजे एमडीएफच्या फळीवर पातळ पत्रा आणि कोपऱ्याला पट्टी. एवढं वजन उचललं की आधी मूठ सैल होते, मग बिजागरी. दुचाकीवर नेताना खड्ड्यात झाकणाची कडी उघडली तर सगळा रस्ता चिप्सचा. हजार चिप्स हव्याच असतील तर दोन वेगळे डबे करा आणि प्रत्येक डब्याला बाहेरून सामानाचा पट्टा आवळा.

आकडेमोड

आता टुर्नामेंट. इथे कॅश गेमचं गणित चालत नाही. कॅश गेममध्ये खालची चिप शेवटपर्यंत लागते. टुर्नामेंटमध्ये ठराविक वेळाने ब्लाइंड वाढत जातात (प्रत्येक टप्पा म्हणजे लेव्हल) आणि खालच्या चिप्स मधेच टेबलावरून काढून घ्यायच्या असतात. म्हणून सुट्टे मोजके आणि वरच्या किमती भरपूर.

सुरुवातीची पुंजी १०,०००, सगळ्यात लहान चिप २५ ची. दोन वाटण्या रूढ आहेत.

पहिली ८-८-४-७. २५ च्या ८ (२००), १०० च्या ८ (८००), ५०० च्या ४ (२०००), १००० च्या ७ (७०००). माणशी २७ चिप्स.

दुसरी १२-१२-५-६. म्हणजे ३०० + १२०० + २५०० + ६००० = १०,०००. माणशी ३५.

दुसरी खेळायला सुखाची. पहिल्या दोन लेव्हलमध्ये मोड मागण्याची पाळी कमी येते. पण दहा जणांना ३५० चिप्स लागतात, पहिलीत २७० मध्ये भागतं. सेट मर्यादित असेल तर पहिली घ्या आणि पहिल्या अर्ध्या तासात मोड द्यायला एक जण शांतपणे तयार ठेवा.

ब्लाइंडचा तक्ता चिप्सशी जुळला पाहिजे, आणि घोळ होतो तो नेमका इथे. लोक चौथ्या लेव्हलनंतर २५ च्या चिप्स काढून टाकतात आणि पुढे १५०-३०० लावतात. १०० आणि ५०० मध्ये १५० भरायचे कसे? म्हणून असा लावा:

२५-५०, ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००. इथे ब्रेक, २५ च्या चिप्स बाहेर.
२००-४००, ३००-६००, ४००-८००, ६००-१२००. इथे ब्रेक, १०० च्या बाहेर.
१०००-२०००, १५००-३०००, २०००-४०००, ३०००-६०००.

६००-१२०० ला १०० ची चिप लागते, म्हणून ती तोवर ठेवली. १५००-३००० ला ५०० ची लागते, म्हणून ती शेवटपर्यंत राहते. काढायची चिप पुढच्या एकाही लेव्हलला लागत नाही ना, हे तक्ता करतानाच बोट ठेवून तपासा.

किती वेळ चालेल? दहा जणांची मिळून पुंजी १,००,०००. टेबलावर सगळे मिळून २०-२५ बिग ब्लाइंड उरले की खेळ आवरतोच. २०००-४००० ला १,००,००० म्हणजे २५ बिग ब्लाइंड. ही बारावी लेव्हल. २० मिनिटांची लेव्हल धरली तर चार तास, वर दोन ब्रेक. रात्री नऊला बसणार असाल तर लेव्हल १५ मिनिटांची करा, तीन तासांत निकाल. रिबाय ठेवलात तर पुंजी वाढते आणि वेळही वाढतो, त्यामुळे चौथ्या लेव्हलनंतर रिबाय बंद. रिबायची पुंजी १००० च्या दहा किंवा ५००० च्या दोन चिप्समध्ये द्यायची, २५ ची एकही नाही.

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

खूपच उपयोगी, धन्यवाद. मग एकाच सेटमध्ये दोन्ही बसवायचं तर रंगवार आकडा काय? आणि २५ च्या चिप्स काढताना एकाकडे तीन, एकाकडे एक अशा उरतात, त्यांचं काय करायचं?

आकडेमोड

६०० चिप्स अशा: १ च्या ८०, ५ च्या १६०, २५ च्या १००, १०० च्या १००, ५०० च्या ५०, १००० च्या ९०, ५००० च्या २०.

पडताळून बघा. टुर्नामेंटला दहा जण, ८-८-४-७: २५ च्या ८०, १०० च्या ८०, ५०० च्या ४०, १००० च्या ७० लागतात. पहिल्या ब्रेकला २५ च्या ८० चिप्स आत येतात, किंमत २०००. बदल्यात १०० च्या २० द्यायच्या, आणि बँकेत (न वाटलेल्या चिप्समध्ये) १०० च्या बरोबर २० शिल्लक आहेत. दुसऱ्या ब्रेकला १०० च्या शंभरही आत येतात, किंमत १०,०००. त्यांना ५०० च्या १० आणि १००० च्या ५. तेही शिल्लक आहेत. ५००० च्या वीस रिबायसाठी आणि शेवटी दोघे-तिघे उरल्यावर चळती आटोपशीर करायला. कॅश गेमला १, ५, २५, १०० याच डब्यातून.

आठ जणांचंच पक्कं असेल तर १००० च्या ९० ऐवजी ७० घेऊन चालेल.

किलवर_राणी

उरलेल्या चिप्सची पद्धत नीट सांगते. हिला चिप रेस म्हणतात आणि स्पर्धांमध्ये सर्रास हीच वापरतात.

ब्रेक लागला की कुणी उठायच्या आधी प्रत्येकाने २५ च्या चिप्स चार-चारच्या चळतीत पुढे ठेवायच्या. बँकवाला चाराला १०० ची एक देत जातो. आता प्रत्येकाकडे शून्य ते तीन उरतील. समजा सहा जण खेळात आहेत आणि उरल्या ३, १, २, २, ३, १. बेरीज १२, म्हणजे ३००. १०० च्या तीन चिप्स रेसमध्ये.

पत्ते पिसून पहिल्या जागेपासून सुरुवात. ज्याच्याकडे तीन उरल्या त्याला तीन पत्ते उघडे, एक उरली त्याला एक. एकाचे सगळे पत्ते देऊन झाले की मगच पुढचा. ज्यांचे पत्ते सगळ्यांत वरचे, अशा तिघांना एकेक १०० ची चिप. एका माणसाला एकापेक्षा जास्त चिप नाही, त्याच्याकडे दोन एक्के आले तरी. पत्ता सारखा आला तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या क्रमाने. आणि महत्त्वाचं: कुणाकडे फक्त २५ च्याच दोन-तीन चिप्स राहिल्या असतील आणि तो रेस हरला, तरी त्याला १०० ची एक द्यायचीच. चिप रेसमध्ये कुणी खेळातून बाद होत नाही.

यात एक आपोआप होणारी तपासणी आहे. सुरुवातीला २५ च्या ८० चिप्स वाटल्यात, ८० ला चारने भाग जातो, म्हणून उरलेल्यांची बेरीजही चाराच्या पटीतच आली पाहिजे. ११ किंवा १३ आली तर चिप सतरंजीखाली नाहीतर कुणाच्या ताटाखाली आहे. आधी ती शोधा, मग पत्ते वाटा.

टिळक_चौक

घरगुती बैठकीत एवढं कशाला? ज्याच्याकडे एक जरी उरली त्याला १०० देऊन टाकायची. दोन मिनिटांत काम.

किलवर_राणी

चालतं. वरच्या उदाहरणात ३०० ऐवजी ६०० द्यावे लागतील, लाखाच्या पुंजीत ३०० ने फरक पडत नाही. पण दोन गोष्टी बघा. एक, १०० च्या चिप्स तेवढ्या जादा हव्यात. वरच्या ६०० च्या सेटात बँकेकडे नेमक्या २० च आहेत. दुसरं, काही जण ब्रेकच्या आधीच्या डावात मुद्दाम मोड करून एक चिप उरवतात आणि फुकट ७५ मिळवतात. मित्रमंडळीत दुर्लक्ष करता येईल. बक्षीस ठेवलं असेल तर रेसच बरी.

होटगी_रोड

छापील की कोऱ्या याचं उत्तर राहिलं. टुर्नामेंट करणार असाल तर आकडे छापलेल्याच. सात किमती नुसत्या रंगावर लक्षात ठेवायला लावलं की नवा माणूस १००० ची चिप ५०० समजून टाकतो आणि वाद होतो. कोऱ्या चिप्सचा फायदा एकच: आज १-२, उद्या ५-१० असे ब्लाइंड बदलले तरी त्याच चिप्स चालतात. त्यासाठी भिंतीवर रंगांचा तक्ता मात्र लावावा लागतो. शिवाय फाशांच्या कोऱ्या चिप्स जिकडेतिकडे मिळतात, बाहेरची चिप आत आली तर ओळखू येत नाही.

टप्पा चार-पाच पटीचा ठेवा. १-५-२५-१००-५०० हा रूढ. हिशोबाला २५ जड वाटत असेल तर १-५-२०-१००-५०० असाही सेट मिळतो, आपल्याला विसाची नोट हाताळायची सवय असल्यामुळे मोजणी झटपट होते. पण टुर्नामेंटच्या तक्त्याला २५ च पाहिजे. ५, १०, २०, ५०, १०० असा दुपटीचा सेट घेऊ नका. रंग वाढतात, प्रत्येक रंगाच्या चिप्स कमी येतात आणि एकच रक्कम दहा तऱ्हेने टाकली जाते.

रंग रात्रीच्या दिव्याखाली बघा, दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली नको. पिवळ्या एलईडीखाली निळा आणि जांभळा एक होतात, गडद हिरवा काळ्यात मिसळतो. रूढ रंग असे: १ पांढरी, ५ लाल, २५ हिरवी, १०० काळी, ५०० जांभळी, १००० पिवळी. हिरवी फिकट छटेची घ्या. लाल-हिरव्यात गफलत होणारे लोक असतातच, त्यांच्यासाठी कडेच्या पट्ट्यांची संख्या किंवा रुंदी प्रत्येक किमतीला वेगळी हवी. चळत उभी असताना दिसते ती कडच, तोंडावरचा आकडा नव्हे.

मंगळवार_पेठ

सेट हातात आला की तपासायचं कसं? परत करायची मुदत थोडी असते म्हणून विचारतो.

वजनकाटा

सपाट काचेवर किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटवर वीस चिप्सची चळत रचा, शेजारी दुसऱ्या रंगाची वीसची. उंची सारखी यायला हवी. चिप ३.३ मिमी जाड असेल तर वीसची चळत ६६ मिमी. दोन रंगांत दोन-तीन मिमीचा फरक दिसला तर रॅकमध्ये एका ओळीत वीस बसणार नाहीत आणि उंची लावून मोजण्याची सोयच गेली. रॅकचं माप पाच ओळी गुणिले वीस, म्हणजे शंभर.

मग एकेक चिप काचेवर ठेवून कडेला टिचकी मारा. जागच्या जागी भिरभिरली तर तिचं पोट फुगलंय. बहुधा लेबल खोलगटात न बसता वर आलेलं असतं. शंभरात एक-दोन चालतील. दहा-पंधरा निघाल्या तर चळत डोलते, सगळा माल परत करा.

कानाशी धरून हलवा. खुळखुळ आली तर आतली चकती सुटली आहे. कडेवरून नख फिरवा. साच्याचा जोड नखाला लागत असेल तर पत्त्यांना चरे पडतील. लेबलाच्या कडेला नख अडकत असेल तर ते वर्षभरात उठणार. सोनेरी वर्ख मारलेले आकडे अंगठ्याने जोरात घासून बघा, हातावर सोनेरी आलं तर आकडे टिकत नाहीत.

आणि पूर्ण ऑर्डरच्या आधी सॅम्पल मिळत असेल तर प्रत्येक रंगाची एक मागवाच. फोटोतला रंग आणि हातातला रंग यांत फार अंतर असतं.

चादरवाली_ताई

चिप्सइतकंच टेबलाकडेही बघा. उघड्या सनमायक्यावर चिप्स घसरतात, आवाज घुमतो आणि पत्ता उचलायला नख लावावं लागतं. आपल्याकडे घरात सोलापुरी चादर असतेच, ती दुहेरी घडी करून खाली अंथरा. पण नुसती चादर वर ठेवू नका. तिच्या विणीतला नक्षीचा उठाव हाताला जाणवतो आणि वाटलेला पत्ता त्यावर अडकून उलटतो. वरून घट्ट विणीचं, बुळबुळीत नसलेलं पॉलिस्टरचं कापड ताणून टेबलाखाली क्लिपा लावा. चादरीने मऊपणा येतो, कापडाने सरक येते. टेरी टॉवेल अजिबात नको, त्याच्या फासांत चिप रुतते आणि दहाची चळतही वाकडी उभी राहते.

खाणं. शेंगा चटणी आणि चिप्स एका टेबलावर नकोत, एवढंच कळकळीनं सांगते. तेल आणि तिखट खरखरीत क्लेच्या पोतात बसतं, पांढऱ्या चिपेला कायमची पिवळट-लाल झाक येते. भाकरी-चटणी ब्रेकमध्ये, वेगळ्या जागी, आणि परत बसताना साबणाने हात. टेबलावर ठेवायचेच असतील तर फुटाणे किंवा साधे कुरमुरे, फरसाण नको.

डाग पडलाच तर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब, मऊ टूथब्रश, एकेक चिप. कागदी लेबलच्या चिप्स पाण्यात बुडवायच्या नाहीत, ओल्या फडक्याने पुसायच्या. बोअरचं पाणी वापरलंत तर काळ्या चिप्सवर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटचं पाणी गाळलेलं घ्या आणि लगेच कोरडं पुसा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यातलं ॲसिटोन एबीएसलाच विरघळवतं.

होटगी_रोड

ताईंना +१. त्यात उन्हाळ्याची भर घालतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. एबीएसला त्याने काही होत नाही. लेबलाचा गोंद मात्र सैल होतो आणि डब्यातला फोम चिकटायला लागतो. क्ले चिप्स तापलेल्या असताना वर वजन पडलं तर वाकतात आणि मग भिरभिऱ्या होतात. डबा घरात, माळ्यावर पत्र्याखाली नको, खालच्या कपाटात.

पत्त्यांचा_कॅट

पत्त्यांचं दोन ओळींत. कागदी कॅट घामाच्या हातांत महिनाभरात मऊ होतो आणि वाकलेला एक्का सगळ्यांना ओळखू येतो. शंभर टक्के प्लॅस्टिकचे दोन कॅट घ्या, पाठीचा रंग वेगळा. एकाने डाव चालू असताना दुसरा पिसून तयार ठेवायचा. पोकर मापाचा पत्ता ६३ × ८८ मिमी, ब्रिज मापाचा ५७ × ८८. लहान हातांना ब्रिज माप सोपं पडतं. दहा जण बसणार असतील तर कोपऱ्यातला आकडा मोठा असलेला कॅट.

पार्क_चौक

हाच सेट दिवाळीत तीन पत्तीला आणि एरवी रमीला चालेल ना?

आकडेमोड

आरामात. तीन पत्तीला बूट (डावाच्या सुरुवातीला प्रत्येकाने टाकायची रक्कम) १ ठेवला की १, ५, २५ पुरे. चाल दुपटीने वाढते म्हणून १०० च्या दहा-पंधरा हाताशी असाव्यात. तेरा पत्त्यांच्या रमीत एका डावाचे जास्तीत जास्त ८० पॉइंट, तिथे १ आणि ५ चंच काम.

व्यवस्थापक

धागा चांगला चालला आहे. एक सूचना. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण पोकर त्या सवलतीत बसतो की नाही यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. पैसे लावून खेळणं, आणि त्याहून पुढे जाऊन जागेच्या मालकाने प्रत्येक डावातून नाल (स्वतःचा वाटा) काढणं, यांबद्दलचे सल्ले इथे देऊ नयेत. गुणांवरच्या खेळाची चर्चा चालू द्या.

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

सूचना मान्य, आमचं सगळं गुणांवरच आहे. ठरलं ते असं: चकती नसलेल्या क्ले कॉम्पोझिट, ३९ मिमी, आकडे छापलेल्या, ६०० ची वाटणी वरीलप्रमाणे. आधी सात रंगांचं सॅम्पल. डबा न घेता ॲक्रिलिकचे रॅक घ्यायचा विचार आहे. दोन टेबलं झाली, सोळा जण, तर काय वाढवायचं?

आकडेमोड

सोळा जणांना ८-८-४-७ म्हणजे २५ च्या १२८, १०० च्या १२८, ५०० च्या ६४, १००० च्या ११२. तुमच्याकडे १००, १००, ५०, ९० आहेत. २५ च्या ४०, १०० च्या ६०, ५०० च्या २० आणि १००० च्या ४० वाढवल्या की काम होतं. २५ च्या १२८ ची किंमत ३२००, त्या काढताना १०० च्या ३२ लागतात. १६० मधून १२८ गेल्या की बरोबर ३२ उरतात. १०० च्या काढताना सगळ्या १६० आत येतील, किंमत १६,०००. त्याला १००० च्या १६ पुरतील आणि बँकेत तेव्हा १८ आहेत. ही भर आत्ताच मागवा. पुढे वेगळ्या घाण्यातला रंग आणि जाडी जुळेलच असं नाही.

वजनकाटा

रॅकचा विचार उत्तम, पण झाकणासकट घ्या. आपल्याकडची धूळ खरखरीत पोतात बसते. सगळे रॅक एकावर एक ठेवू नका, खालच्या रॅकच्या कोपऱ्याला तडा जातो, तीनावर थांबा. रॅकवर किमतीची चिठ्ठी लावा आणि प्रत्येक रॅकमध्ये एकच रंग भरा. ८० आणि १६० सारख्या अर्धवट रॅकची रिकामी जागा पुठ्ठ्याच्या नळकांडीने भरली की ओळ आडवी पडत नाही. खेळ संपल्यावर उठायच्या आधी रॅक भरायचे: ओळ पूर्ण भरली की वीस, मोजायची गरज नाही, आणि एक चिप कमी असली तर तेवढ्यात फट दिसते.